टिटवीला सांगायचं राहिलेलं

११ जानेवारी

प्रिय टिटवी,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही, कोण जाणे. पण तुझं खरं नाव लिहिलं की पत्र कुणा परक्या बाईला चाललंय असं वाटतं आणि लेखणी पुढे सरकत नाही. लहानपणी तोंडाला विसावा नाही म्हणून ताईने तुझं नाव टिटवी ठेवलं. तीच टिटवी आता गेले कित्येक आठवडे चिडीचूप आहे.

फोन करून पाहिला. दर वेळी तुमची भाची उचलते आणि "आत्या आंघोळीला गेली आहे" म्हणते. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, दिवेलागणीलाही आंघोळ. इतकी स्वच्छ तू आमच्या घरी राहत होतीस तेव्हा कधी नव्हतीस. म्हणून आता कागद घेतला. कागदाला आंघोळीचं कारण सांगता येत नाही.

ताई घरी आहे. हिंडते-फिरते. पण मी लिहायला बसलोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तू गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितलं ते तुला कुणी सांगितलंच नाही.

त्या दुपारी वॉर्डात तुझ्या ताईने तुझ्या हातातलं सिरपचं झाकण उडवून लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की ही मला विष घालते आहे, मी मेले की हिला माझं घर आणि माझा नवरा दोन्ही आयतं मिळेल. शेजारच्या खाटेवरच्या बाईने चमचा तोंडाशी तसाच धरून ठेवला होता. तू पदराला लागलेलं सिरप पुसलंस, मला म्हणालीस, "भाऊजी, पुढचा डोस सहा वाजता आहे," आणि गेलीस. त्यानंतर घरी आलीस ती पिशवी भरायलाच.

टिटवी, ते ताईचं बोलणं नव्हतं.

तुला आजाराचं अर्धं ठाऊक आहे, अर्धं मी सांगतो. ताईला फार वर्षांपूर्वी बाळंतपणात रक्त चढवलं होतं. मूल राहिलं नाही, पण त्या रक्तातून कावीळ मात्र आली आणि मुकाट्याने राहिली. ती कळेपर्यंत लिव्हर दगड झालं होतं. अलीकडच्या गोळ्यांनी विषाणू गेला, दगड तसाच राहिला. (लिव्हरचं दुखणं म्हटलं की लोक पहिल्यांदा माझ्याकडे बघतात. औषधवाल्याने तर मला बाजूला घेऊन सांगितलं, काका, आता तरी सोडा. आयुष्यात लिंबाच्या सरबतापलीकडे काही न प्यालेला मी, मान खाली घालून "बरं" म्हणून आलो.)

तर पोटाकडून येणाऱ्या रक्ताला त्या दगडातून वाट मिळत नाही. मग ते आडवाटा धरतं. अन्ननलिकेच्या आतल्या बारीक शिरांत घुसतं, त्या फुगतात, दोरीसारख्या होतात, आणि एखाद्या दिवशी त्यातली एक फुटते. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या मोरीत जे पाहिलं ते तूही पाहिलंस, मी पुन्हा लिहीत नाही. ताईला तेव्हा तूच धरून बसली होतीस. मी दारात उभा होतो आणि मला इस्पितळाच्या गाडीचा नंबरसुद्धा आठवत नव्हता.

आणि रक्तावरून मी जो तमाशा केला तोही तुला आठवत असेल. तू रक्त दिलंस, मी गल्लीतले आणखी चौघे उभे केले, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पुरे. मी त्यांच्यावर ओरडलो की इतकं गेलंय ते भरून नको का काढायला. त्या दमल्या होत्या, तरी थांबून बोलल्या. "आजोबा, प्रेमाने जास्त भरलंत तर शिरेत दाब वाढेल आणि बांधलेली शीर पुन्हा सुटेल. थोडं कमी असू दे." मला ते काही केल्या पटत नव्हतं. अजूनही नीटसं पटत नाही.

तुझंच रक्त ताईला मिळालं असं मी घरी आल्यावर सगळ्यांना सांगत होतो. नर्सने माझी चूक दुरुस्त केली: रक्त पेढीत जातं, कुणाची पिशवी कुणाला लागते याचा पत्ता नसतो. मी आपला तुझंच होतं असं धरून चालतो.

आता मुख्य. जे रक्त पोटात उतरलं ते तिथे कुजलं आणि त्याचा अमोनिया झाला. निरोगी लिव्हर तो गाळून टाकतं, ताईचं गाळत नाही. तो डोक्यात चढतो. माणूस दिवसा झोपतं, हात थरथरतात, आपली माणसं परकी दिसतात, नाही नाही ते संशय येतात. तू देत होतीस ते सिरप तोच अमोनिया बाहेर काढायला होतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, मनात असल्याशिवाय असं तोंडात येईल का? त्या म्हणाल्या, "त्या बोलत नव्हत्या, अमोनिया बोलत होता."

एवढंच. ताईला त्यातलं काय आठवतं ते मी विचारलेलं नाही. घरी आल्यावर ती तुझ्या खोलीपर्यंत गेली, दार ढकललं, तुझी गादी गुंडाळलेली पाहिली आणि परत आली.

उत्तर पाठव. एक ओळ पुरे.

तुझा,
भाऊजी


२ फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

उत्तर आलं नाही. टपालवाला गल्लीत शिरला की मी उगाच फाटकाशी उभा राहतो. काल त्याने मला विजेचं बिल दिलं आणि मी ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

ताईच्या शिरा पुन्हा बांधून आणल्या. दुर्बीण घशातून उतरवतात आणि फुगलेल्या शिरेच्या मुळाशी रबराचं बारीकसं कडं चढवतात. शीर सुकते, कडं गळून पडतं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. ताईने डॉक्टरीणबाईंचं नाव रबरवाली ठेवलं आहे. म्हणाली, लहानपणी मी टिटवीच्या वेण्यांना रबरं लावायचे, ती किंचाळायची; आता कळतंय तिला कसं वाटत असेल. तोंडावर सांगितलं बरं का हे रबरवालीच्या. ती बाई हसत नाही, असा माझा समज होता.

घरी गोळी आहे, तिने नाडी मंद ठेवायची. सिरप आहे. मीठ जवळजवळ नाहीच. ताई म्हणते, तुमच्या हातचं जेवण मीठ घालूनही असंच लागलं असतं.

रबरवालीने मला एक काम दिलं आहे. रोज सकाळी ताईचं डोकं साफ आहे ना, ते बघायचं. कसं बघायचं ते घरच्यांनी ठरवावं, म्हणाली. सही करायला सांगा, चांदणी काढायला लावा, काही विचारा. मी काय निवडलं असेल, ओळख. चहा झाला की ताईने कविता म्हणायची.

तू हसशील. ताईला आणि कविता? पण तिला एक येते. चौथीच्या पुस्तकातली, वाऱ्याची. वारा शिंप्याच्या दुकानात शिरतो, टांगलेला एकेक सदरा अंगात घालून बघतो, कुठलाच बसत नाही, आणि शेवटी शिंपी त्याला म्हणतो की बाबा, तुझं माप घ्यायला तू उभा तरी राहशील का. तुझ्या वेळच्या पुस्तकात ती नव्हती. मी छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो त्याच वर्षी ती काढून दुसरी घातली होती. तिच्याऐवजी घातलेली कविता मीच तपासली. ताई चौथीनंतर शाळेत गेली नाही. तुमची आई अंथरुणाला खिळली आणि तू पाळण्यात होतीस. कुणीतरी घरी राहायला हवं होतं. त्यामुळे तिची शेवटची कविता ती.

रोज सकाळी ती भिंतीला पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्यासारखी म्हणते. मान तालावर हलते. मी खुर्चीत डोळे मिटून बसतो आणि मला खडूचा वास येतो, खिडकीतून पाटीवर पडलेलं ऊन दिसतं, साठ वर्षं मागचं. एका शब्दाची चूक नाही. कुठल्या माणसाला आजाराची अशी गोड तपासणी लाभली असेल?

आता जे सांगायचं ते. परवा रबरवालीने आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाली, पोटाच्या वरच्या भागातही शिरा फुगल्यात, तिथे रबर टिकत नाही. पुन्हा फुटली तर आवरणं कठीण. एक उपाय आहे. मानेतल्या शिरेतून आत जायचं आणि लिव्हरमधूनच जाळीची एक नळी बसवायची, म्हणजे रक्ताला सरळ वाट मिळते, आडवाटांवरचा दाब उतरतो. पण मग ते रक्त न गाळता थेट पुढे जातं. अमोनिया डोक्यात जास्त जाऊ शकतो. कुणाला थोडा त्रास होतो, कुणाला कायमचा.

मी लगेच "करून टाका" म्हणणार होतो. ताईने माझ्या हातावर हात ठेवला.

"म्हणजे मी पुन्हा तसं बोलेन," ती म्हणाली.

रबरवाली म्हणाली, "बोलाल असं नाही. बोलू शकाल."

"मग आधी माझ्या बहिणीशी मला बोलू दे. शुद्धीत. मग नळी घाला, पाइप घाला, काय घालायचं ते घाला."

तर तिला ते सारं आठवतं, टिटवी. शब्दन् शब्द. घरी येताना रिक्षात मी म्हणालो, काय सांगायचं आहे ते मला सांग, मी लिहून कळवतो, माझं अक्षर चांगलं आहे. "तुम्ही मध्ये पडू नका," म्हणाली. "आम्हा दोघींचं आहे."

आता मला काय वाटतं ते मी लिहीत नाही. माफी असेल, की ती अमोनियाने बोलली ते खरंच मनात होतं असं असेल, मला सांगता येत नाही. पण तू आल्याशिवाय ती नळीला होकार देणार नाही. आणि नळीशिवाय पुढची वेळ कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही. तू ये.

भाऊजी


२० फेब्रुवारी

प्रिय टिटवी,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी आणि त्यातही तू ताईचं डोकं ठिकाणावर आहे का असं विचारलंस, हे वाचून मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. ताईला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं, उलटं करून मागची बाजू पाहिली, म्हणाली, "अक्षर बिघडलंय हिचं," आणि कार्ड उशीखाली ठेवलं.

आहे, ठिकाणावर आहे. अगदी लख्ख. रोज वाऱ्याची कविता म्हणते, स्वल्पविरामासकट. आज तर शेवटच्या कडव्यावर थांबून मला म्हणाली, तुम्ही डोळे मिटून झोपता की ऐकता?

तू लिहिलंस की हल्ली तू जातेस त्या पाळणाघरातली दुसरी बाई रजेवर आहे, दोन-अडीच आठवडे तुला हलता येणार नाही, त्या लेकरांना कुणावर सोडू. बरोबर आहे तुझं. ताईलाही तेच वाटतं. म्हणाली, तिला सांगा, पोरं टाकून येऊ नकोस. मीसुद्धा रबरवालीला कळवलं, नळीची तारीख मार्चच्या मध्याला घ्या. त्या जरा घुटमळल्या. तब्येत कशी आहे, विचारलं. मी म्हटलं, डोकं तर आरशासारखं आहे. मग त्यांनी तारीख दिली.

तेव्हा घाई करू नकोस. सवडीने ये.

बारीकसारीक सांगायचं तर ताई दिवसा जरा जास्त झोपते. काल चहात दोनदा साखर घातली. मी म्हटलं, गोड बोलावं म्हणून घातलीस का, तर हसली. म्हातारपणी एवढं चालायचंच. मी नाही का परवा छत्री घेऊन दुसऱ्याच्या चपला घालून आलो?

तुझी खोली झाडून ठेवली आहे. खिडकीच्या कडीला तेल घातलं. आणि तू येशील तेव्हा आपण ती नदीच्या शाळेची कविता म्हणू, तुझ्या पुस्तकातली, मीच तपासलेली, जिच्या तिसऱ्या कडव्यात तू दर वेळी चुकायचीस आणि चूक माझी म्हणून भांडायचीस. किती वर्षं आपण ओट्याबाहेरच्या त्या बाकावर बसून भांडलो त्यावरून. आता तिघं बसू.

तुझा,
भाऊजी


१ मार्च, दुपार, इस्पितळाचा बाक

टिटवी,

भाचीला फोनवर "तिला लगेच पाठव" एवढंच म्हणू शकलो. तू गाडीत असशील. तोंडाने मला हे सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. आलीस की हातात देईन.

सकाळी ताईने कविता म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तालावर मान हलवत, एक मात्रा चुकली नाही. मी खूश होऊन कप उचलले. मागून तिने विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

मला वाटलं, थट्टा करते आहे. म्हटलं, तुमच्याकडेच आलोय, बाई. ती म्हणाली, मग बसा, हे येतीलच इतक्यात. तेव्हा मी वळून पाहिलं. पोलक्याची बटणं एक सोडून एक लावलेली होती. आणि ती उठली, मोरीपर्यंत गेली, आणि पुढचं तुला ठाऊक आहे.

इथे आणल्यावर रबरवालीने विचारलं, डोकं कधीपासून बिघडलंय? मी म्हटलं, आजच. कालपर्यंत रोज कविता म्हणत होती, आजसुद्धा म्हटली. तिने हातमोजे चढवता चढवता माझ्याकडे पाहिलं.

"कुठली कविता?"

"चौथीतली. पाठ आहे तिला."

ती हळूच म्हणाली, "आजोबा, लहानपणी पाठ केलेलं सगळ्यात शेवटी जातं. वार उलटे म्हणायला सांगायचे. शनिवारपासून मागे."

मला काय वाटलं ते कसं लिहू. रोज सकाळी मी डोळे मिटून खडूचा वास घेत बसलो होतो, आणि समोर तिचं डोकं दिवसादिवसाने मावळत होतं. बहुतेक थोडं थोडं रक्त आतच पाझरत होतं, म्हणे, बरेच दिवस. दिवसाची झोप, चहातली साखर. मी तुला लिहिलंसुद्धा ते, विनोद म्हणून. आणि वर लिहिलं, घाई करू नकोस.

जन्मभर मुलांच्या पुस्तकांत उलटा पडलेला एक उकार मला पानाच्या टोकावरून दिसायचा.

दुर्बिणीने रक्त थांबलं नाही. आता पोटात फुगा घालून शिरा दाबून धरल्यात, तो फार वेळ ठेवता येत नाही. नळी आजच बसवायची. कागदावर सही माझी घेतली. मी म्हणालो, तिची अट आहे, आधी बहिणीशी बोलायचं आहे. रबरवाली म्हणाली, ठाऊक आहे मला, माझ्यासमोरच ठरलं होतं. पण आज त्या कुणाशीच बोलू शकत नाहीत. सही केली नाहीत तर उद्याही बोलणार नाहीत.

मी केली. अक्षर माझं नव्हतं.

दार बंद झालंय. वर लाल दिवा आहे. माझ्या शेजारी एक माणूस संत्रं सोलतो आहे, त्याने मला दोन फोडी दिल्या, मी घेतल्या. तू कुठपर्यंत आलीस?


२९ मार्च

प्रिय टिटवी,

तू पोचल्यावर भाचीचा फोन आला होता. म्हणाली, आत्या आल्यापासून बोलत नाही. मी कशाला विचारू का ते.

तू आलीस आणि दोन दिवसांनी ताई शुद्धीवर आली. तुला पाहून तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "या बाई, कुठून आलात? उन्हाच्या आलात, पाणी घ्या." मी भिंतीकडे तोंड केलं. तू पाणी घेतलंस. दोन आठवडे तिचे केस विंचरलेस, सिरप दिलंस, आणि तिने दर वेळी "किती करता तुम्ही परक्यासाठी" म्हणून ते घेतलं. या खेपेला झाकण उडवलं नाही. तेच तुला जास्त लागलं असणार. जाताना फाटकाशी म्हणालीस, "भाऊजी, उडवून लावलं असतं तरी चाललं असतं. निदान मला तरी म्हणाली असती."

माझं पत्र तू वाचलंस, घडी घातलीस, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. रागावलीही नाहीस. मी वाट पाहत होतो रागावण्याची.

आता ऐक. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, मी तिच्या पायाला तेल लावत होतो. ती छताकडे बघत पडली होती. एकाएकी माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "टिटवे."

मी म्हणणार होतो, अगं, मी आहे. पण तिची पकड घट्ट होती. आणि तिच्या तोंडावर जे होतं ते माझ्यासाठी नव्हतं. मी बोललो नाही. बरं केलं की वाईट, तू ठरव.

तिने काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहितो, माझा एकही शब्द घालत नाही.

"तुम्ही दोघं बाकावर बसून कविता म्हणायचात ना, तेव्हा मी आत भांडी आपटायचे. मुद्दाम. तुम्हाला वाटायचं, हिला कामाचा वैताग आलाय. तू आत येऊन विचारायचीस, ताई, घासू का मी? मला भांडी नको होती ग घासून. मला बाहेर बोलवायला हवं होतं कुणीतरी. मला पण एक येत होती."

मला वाटलं, झोपली. पण पुन्हा म्हणाली:

"विषाचं मी उगाच म्हटलं. दुसरं काही वाईट सुचेना तेव्हा."

आणि हात सोडला.

टिटवी, मी दोन महिने तुला पत्रांमागून पत्रं लिहून एकच गोष्ट पटवत होतो: अमोनिया चढल्यावर माणूस बोलतो ते त्याचं नसतं, धरायचं नाही. आता माझ्याच न्यायाने हेही धरता येत नाही. वॉर्डातलं बोलणं खोटं आणि हे खरं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? रबरवालीला विचारलं. ती म्हणाली, आजोबा, माझ्याकडे दाब मोजायचं यंत्र आहे, हे मोजायचं नाही.

म्हणून हे तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. गेला आठवडाभर ते माझ्यापाशीच ठेवलं. भांड्यांचं मात्र मी रोज आठवत राहिलो. तो आवाज मला आठवतो. आपण दोघं आवाज चढवून कविता म्हणायचो, तो बुडावा म्हणून.

पण आज सकाळी असं झालं. सिरप वाढवल्यापासून ताईचे काही तास निवळ असतात. चहा झाल्यावर मी कविता मागितली नाही. म्हटलं, वार उलटे म्हण. तिने कपाळाला आठी घातली, बोटं धरली आणि म्हणाली. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. बुधवारपाशी अडखळली, स्वतःच सावरली, आणि रविवारपर्यंत पोचली. मला म्हणाली, "आता तुम्ही म्हणा." मी चुकलो. ती हसली, तेच जुनं, नाकाने.

मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, तुला टिटवीला काहीतरी सांगायचं होतं. नळीच्या आधी. तेव्हा राहून गेलं. मी तिला पुन्हा बोलावू का?

ती माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या विसरभोळ्या माणसाकडे बघावं तशी.

"ते तर मी तिला सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता तेव्हा."

"कधी?"

"इथेच. पायाला तेल लावत होती माझ्या." मग म्हणाली, "ऐकून घेतलंन सगळं. एक शब्द बोलली नाही. टिटवी असून."

आणि कुशीवर वळून झोपली. शांत. किती दिवसांनी तिची मूठ उघडी होती.

रबरवालीने मला बाजूला घेऊन सांगितलं आहे की नळी चालते आहे, पण लिव्हरमध्ये आता फार काही उरलेलं नाही. उन्हाळा निघेल, बहुधा. त्यापुढचं मी विचारलं नाही.

तेव्हा हे पत्र माफी मागायला नाही की तुला पटवायला नाही. तिने सांगितलं, आणि ते तुझ्यापर्यंत पोचलेलं नाही, एवढीच एक गोष्ट मला दुरुस्त करायची आहे. आता तू वाचलंस. आता तिचं म्हणणं खरं झालं.

तू ये किंवा नको येऊ, मी तारीख घालत नाही, सवड बघ म्हणत नाही. पण आलीस आणि तिने तुला ओळखलं, तर कधी ऐकलंस ते तिला सांगू नकोस. तिने विचारलंच तर एवढंच म्हण, हो ताई, ऐकलं. मग बाहेर बाकावर ये. मी तिला धरून आणतो. आपण दोघं गप्प बसू, आणि तिला म्हणू दे.

भाऊजी